बत्तीस तोंडांचं जेवण

सन कोरल या नारिंगी प्रवाळाच्या प्रत्येक पॉलिपला, म्हणजे कॉलनीतल्या प्रत्येक फुलासारख्या छोट्या प्राण्याला, स्वतःचं तोंड असतं. शेजारच्याने खाल्लेलं याच्या पोटात फारसं पोचत नाही. त्यामुळे कॉलनीत बत्तीस पॉलिप असतील तर घासही बत्तीस लागतात. एका कडेला मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव, गोठवून खाद्य म्हणून मिळतात) ओतून मोकळं झालं तर ती कडा फुगलेली राहते. दुसऱ्या कडेचं मांस महिन्या-दोन महिन्यांत आकसतं आणि पांढऱ्या सांगाड्याच्या कडा वर दिसू लागतात. हे भरवणं आम्ही घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत गेली काही वर्षं आठवड्यातून तीनदा करतो. त्याच टाकीत अॅकन, टॉर्च, गोनिओपोरा, थोडी अॅक्रोपोरा हे दुसरे कोरल आणि दोन पंखकिडे आहेत, म्हणजे पंख्यासारखा तुरा उघडून पाण्यातले कण टिपणारे नळीतले किडे. त्यांचंही खाणं याच वेळापत्रकात बसवलंय. टाकी न्यू जर्सीतल्या घराच्या तळघरात आहे. सम्प (खालची जोडटाकी) धरून प्रत्यक्ष पाणी २८० लिटर, क्षारता ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), तापमान २५ ते २६ अंश.

टाकीत ठेवतात त्या बहुतेक कोरलच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. ते प्रकाशावर साखर बनवून यजमानाला देतं, त्यामुळे दिवा चांगला असेल तर कोरल उपाशी मरत नाही. पण नुसत्या साखरेवर मांस वाढत नाही. नायट्रोजन आणि फॉस्फरस कुठून तरी यावा लागतो. समुद्रात तो रात्री वर येणाऱ्या प्लँक्टनमधून येतो, घरच्या टाकीत माशांच्या विष्ठेतून आणि आपण घातलेल्या अन्नातून. सन कोरलमध्ये हे शैवाल मुळीच नसतं. दिवा असला काय नि नसला काय, त्याला फरक पडत नाही. सावलीत ठेवायचं ते एवढ्यासाठीच, की उजेडात त्याच्या उघड्या सांगाड्यावर दुसरं शेवाळ चढतं. दुकानात तो नारिंगी फुलांचा गुच्छ बघून घेणाऱ्यांना ही गोष्ट बहुधा उशिरा कळते.

आधी हिशेब करू, कारण पिचकारी हातात घेण्याआधी तो डोक्यात असायला हवा. मायसिसचा गोठवलेला क्यूब साडेतीन ग्रॅमच्या आसपास असतो. त्यातलं जवळपास नव्वद टक्के पाणी वजा केलं तर कोरडा ऐवज साधारण ०.३५ ग्रॅम उरतो. माशांच्या कोरड्या खाद्यात फॉस्फरस ढोबळमानाने एक टक्का असतो. तो आकडा इथे धरला तर क्यूबमागे साडेतीन मिलिग्रॅम फॉस्फरस, म्हणजे फॉस्फेटच्या भाषेत जवळपास ११ मिलिग्रॅम. सगळं विरघळलं तर २८० लिटरमध्ये ०.०४ पीपीएम (दशलक्षात भाग) वाढ. नायट्रेट त्याच क्यूबमुळे अर्धा पीपीएम. आठवड्याला तीन क्यूब म्हणजे फॉस्फेट ०.१२. आता बाहेर काय जातं ते पाहा. फॉस्फेट ०.१० असताना दहा टक्के पाणी बदललं तर ते फक्त ०.०१ ने उतरतं. बादल्या उचलून कंबर मोडेल, पण तीन क्यूबांचं देणं फिटणार नाही. ते स्किमर (फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र), सम्पमधलं किटोमॉर्फा शेवाळ आणि वाढणारं मांस यांनीच फेडायचं असतं. तोंडात गेलेल्या अन्नाचा काही भाग मांस होऊन टाकीतच राहतो. दगडाखाली पडलेल्या अन्नाचा मात्र सगळा चिखल होतो. म्हणून किती घातलं यापेक्षा किती तोंडात गेलं हे आम्ही मोजतो.

आता भरवण्याची रात्र. क्यूब संध्याकाळी साडेसातला वाटीत काढायचा आणि त्यावर टाकीचंच पाणी पाव कप घालायचं. नळाचं नको, गरम तर अजिबात नको, नाहीतर मायसिस फुटून लगदा होतो. वीस मिनिटांत ते सुटं होतं. मग चहाच्या गाळणीतून गाळून वरचं पाणी दुसऱ्या वाटीत ठेवायचं. बरेच जण हे पाणी फॉस्फेटच्या भीतीने मोरीत ओततात. वरच्या हिशेबातला बहुतेक फॉस्फरस मायसिसच्या अंगात आहे, पाण्यात नाही. ते ओतून हाती फारसं लागत नाही आणि एक कामाची वस्तू वाया जाते. पॉलिपना जाग आणायला याच पाण्याचा वास लागतो.

पावणेआठला दिवे मंदावतात. आधी माशांना टाकीच्या दुसऱ्या टोकाला पेलेट द्यायचे, म्हणजे त्यांचं लक्ष तिकडे राहतं. मग रिटर्न पंप (सम्पमधलं पाणी वर टाकीत चढवणारा) आणि स्किमर दोन्ही बंद. रिटर्न थांबला की वरचं पाणी उतरून सम्पची पातळी चढते. तेव्हा स्किमर चालू राहिला तर त्याचा कप भरून वाहतो आणि आठवडाभराचा काळा गाळ परत सम्पमध्ये येतो. वेव्हमेकर (टाकीत प्रवाह खेळवणारा पंप) अजून चालू ठेवायचा, पण कमीत कमी वेगावर. आता गाळलेल्या पाण्यातलं पाच-सहा मिलिलिटर कॉलनीच्या वरच्या अंगाला, हातभर अंतरावरून हळू सोडायचं आणि थांबायचं. सरावलेली कॉलनी पंधरा मिनिटांत उघडते. आधी तोंडाभोवतीचं मांस फुगतं, मग पिवळी पारदर्शक बोटं बाहेर येतात. सगळे पॉलिप उघडल्याशिवाय मायसिस काढायची नाही.

उघडले की वेव्हमेकरही बंद. कॉलनीवर दोन लिटरच्या सोड्याच्या बाटलीचा वरचा अर्धा भाग घुमटासारखा ठेवायचा, झाकण काढून. कापलेली कड गॅसवर किंचित शेकून बोथट करून घ्यावी, नाहीतर ती मांसाला चिरते. बाटलीच्या तोंडातून लांब नळीची पिचकारी आत घालून प्रत्येक पॉलिपवर एकेक, मोठा असेल तर दोन मायसिस सोडायच्या. जोराने मारायचं नाही. बोटांना घास टेकला की ती स्वतः मिटतात. पिचकारीचं टोक लागलं तर मात्र तो पॉलिप मिटतो आणि त्या रात्री पुन्हा उघडेलच असं नाही. बत्तीस पॉलिपना बारा ते पंधरा मिनिटं लागतात. घुमट आणखी वीस मिनिटं तसाच ठेवायचा, कारण गिळायला वेळ लागतो आणि चोर याच वेळी येतात.

चोरांत पहिला नंबर क्लीनर कोळंबीचा. ती पॉलिपच्या तोंडात पाय घालून गिळलेला घास ओढून काढते, आणि एकदा चटक लागली की पिचकारी दिसताच धावत येते. हर्मिट खेकडे मंद असतात, पण चिवट. बाटलीचा घुमट दोघांवरही चालतो. घुमट बसत नसेल तर कोळंबीला आधी एक बुडणारी पेलेट हातात द्यावी. ती घेऊन ती कोपऱ्यात जाते आणि दहा मिनिटं सुटका होते. एक पेलेट संपायला तिला याहून जास्त वेळ लागत नाही, हेही ध्यानात ठेवा.

शेवटी घुमटातलं उरलेलं पिचकारीने ओढून बाहेर काढायचं, मग वेव्हमेकर, मग रिटर्न, आणि रिटर्ननंतर पंधरा मिनिटांनी स्किमर. अन्नातल्या तेलाने फेस बसतो. तास-दोन तास स्किमर मेल्यासारखा दिसेल, त्याचा स्क्रू फिरवत बसू नका. सकाळी तो आपोआप रुळावर येतो. रिटर्न मात्र हाताने चालू करायच्या भरवशावर ठेवू नये. तासाभराने स्वतः सुरू करणारा टायमर प्लग लावावा. फोन वाजला, माणूस वर गेला आणि पंप रात्रभर बंद राहिला, तर पहाटे आधी मासे जातात.

नवी आणलेली कॉलनी पहिल्या रात्री उघडत नाही. दुकानात ती उपाशीच असते. अशा वेळी रोज एकाच वेळी दिवे मंद झाल्यावर नुसतं मायसिसचं पाणी सोडायचं आणि अर्धा तास वाट पाहायची. कुणी अर्धवट उघडलं तर त्याला मायसिसऐवजी सायक्लॉप्स (याहून बारीक जीवांचं खाद्य) किंवा नुकत्याच अंड्यातून फुटलेल्या आर्टेमियाचे (खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जीवाचे) दोन थेंब. पहिल्या आठवड्यात चार-पाच पॉलिप उघडतात, तिसऱ्या आठवड्यापर्यंत बहुतेक सगळे. वेळ बदलली की शिकवणी पुन्हा पहिल्यापासून. ज्यांचं मांस पार आकसलंय ते सर्वांत शेवटी येतात, काही येतच नाहीत. त्यांच्या सांगाड्यावर केसाळ शेवाळ चढू नये म्हणून मऊ टूथब्रशने हलकं घासावं, पण शेजारच्या मांसाला ब्रश लागता कामा नये. काम जमतंय की नाही हे रंगावरून ठरवू नका. कॉलनीच्या पायथ्याशी हरभऱ्याच्या डाळीएवढे नवे पॉलिप फुटले, तर अन्न पुरतंय.

मोठ्या पॉलिपच्या प्रकाशजीवी कोरलना एवढी उठाठेव लागत नाही. अॅकनला आठवड्यातून दोनदा, प्रत्येक तोंडाला एक मायसिस. दिवे गेल्यावर त्याच्या कडेने बारीक बोटं निघतात, तेव्हाच द्यायची. टॉर्च आणि हॅमरला मायसिसचे कात्रीने दोन तुकडे करून. त्यांची बोटं घास पकडतात, पण तोंडाकडे न्यायला वेळ घेतात, आणि तेवढ्यात वाहत्या पाण्याने तो सुटतो. ट्रॅकिफिलिया अख्खी मायसिस सहज गिळते आणि याहून मोठं देण्याचा मोह होतो. कोळंबीचा नखाएवढा तुकडा ती गिळते खरी, पण सकाळी तपकिरी गोळा बाहेर टाकते. तो गोळा मांसावरच राहिला तर खाली सडतो आणि तिथून मांस उसवू लागतं. गोळा दिसला तर पिचकारीने लगेच काढायचा आणि पुढचा घास निम्मा करायचा. उलटी झाली म्हणून पुन्हा भरवणं ही सर्वांत महागात पडणारी चूक.

अॅक्रोपोराबद्दल थोडक्यात सांगतो. टाकीत मासे भरपूर असतील आणि त्यांना नीट खायला मिळत असेल, तर वेगळं काही घालायची गरज आम्हाला दिसलेली नाही. आठवड्यातून एकदा रोटिफर (डोळ्यांना जेमतेम दिसणारे जिवंत प्राणी) सोडले तर रात्री पॉलिप जास्त बाहेर येतात, एवढं नक्की. बाटलीबंद अमिनो आम्लांवर पैसे घालवण्यापेक्षा दोन मासे वाढवलेले बरे.

आता जिवंत खाद्य. आर्टेमिया सोपी वाटते, पण थंडीत तळघरात १७ अंशांवर ती फुटायचं नाव घेत नाही. उलटी टांगलेली एक लिटरची बाटली बादलीतल्या पाण्यात बुडवून बादलीत हीटर लावला, आणि पाणी २७ अंशांवर आलं की अडचण संपते. प्रमाण असं: एक लिटर पाणी, २५ ग्रॅम मीठ, एक ग्रॅम अंडी, तळापासून जोराने हवा, वर दिवा. २४ तासांनी हवा बंद करून बाटलीच्या तळाशी टॉर्च धरायचा. पिल्लं उजेडाकडे खाली जमतात, रिकामी टरफलं वर तरंगतात. दहा मिनिटांनी तळातून नळीने ओढून १२० मायक्रॉनच्या जाळीत धुवायचं. टरफलं टाकीत गेली तर लहान माशांच्या आतड्यात अडकतात, म्हणून इथे घाई नको. पिल्लू फुटल्यावर पहिले काही तास त्याच्या अंगात पिवळा बलक असतो, आणि आपल्याला हवा असतो तो हाच. कोमट पाण्यात आणखी आठ-दहा तास ठेवलं की ते बलक संपवतं आणि नुसतं कवच उरतं. लगेच वापरायचं नसेल तर दाट करून फ्रिजमध्ये ठेवा, थंडीत बलक सावकाश संपतो.

पंखकिड्यांना मात्र आर्टेमियाचा उपयोग नाही. ते पिल्लू अर्धा मिलिमीटरच्या आसपास असतं आणि या तुऱ्यांतून जातात ते काही मायक्रॉनचे कण. त्यांच्यासाठी फायटो, म्हणजे पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शैवाल. नॅनोक्लोरोप्सिस दोन-चार मायक्रॉनचं असतं, टेट्रासेल्मिस दहाच्या पुढे. दोन्ही मिसळून दिलेलं बरं. घरी करायचं तर दोन लिटरच्या स्वच्छ बाटल्या, २५ पीपीटी पाणी, एफ-बाय-टू खत, सोळा तास दिवा आणि मोठ्या बुडबुड्यांची हवा. सात-आठ दिवसांत पाणी गडद हिरवं होतं. त्याआधी काढलं तर न वापरलेलं खत, म्हणजे नायट्रेट आणि फॉस्फेट, थेट टाकीत जातं. अर्धं काढून फ्रिजमध्ये, उरलेल्या अर्ध्यात नवं खारं पाणी आणि खत. फ्रिजमधली बाटली रोज हलवायची. ताज्या फायटोला ओल्या गवतासारखा वास येतो. कुजकट वास आला की बाटली मोरीत, दया दाखवायची नाही.

रोटिफर याच फायटोवर वाढतात. चार लिटरची बरणी, २० ते २५ पीपीटी, हवेची नुसती कडक नळी, बारीक बुडबुडे करणारा दगड नको. पाणी फिकट हिरवं राहील एवढं फायटो रोज घालायचं, पारदर्शक दिसलं की ते उपाशी आहेत. रोज पाव भाग ५३ मायक्रॉनच्या जाळीतून काढायचा आणि तेवढंच नवं पाणी घालायचं. कुणाला वाटेल काढलं नाही तर वाढतील. उलट दाटीने दोन दिवसांत सगळी बरणी मरते, वर फेस आणि दुर्गंधी. म्हणून दुसरी बरणी नेहमी वेगळ्या जागी असावी. आणखी एक शिस्त पाळावी: हात लावायचा तो आधी फायटोला, मग रोटिफरला. क्रम उलटला, ओल्या बोटावरून एक रोटिफर फायटोत गेला, की आठवड्यात हिरव्या बाटलीचं पाणी स्वच्छ.

२८० लिटरला रोज १० मिलिलिटर फायटोने सुरुवात केली आणि दोन महिन्यांत ३० वर गेलो. पंखकिड्यावर थेट पिचकारी मारली तर तो झटक्यात नळीत जातो आणि जेवण वाहून जातं. प्रवाहाच्या वरच्या बाजूला फिकट ढग सोडायचा, तो आपोआप तुऱ्यातून गाळला जातो. कधी कधी किडा तुरा टाकून देतो. नळी फेकू नका, दोन ते चार आठवड्यांत नवा येतो. नवा तुरा आधीपेक्षा लहान आणि पुढचा त्याहून लहान असेल तर तो उपाशी आहे, आणि फायटो वाढवायला हवं. गोनिओपोराला मात्र रोटिफर आणि ५० ते २०० मायक्रॉनची पूड, वेव्हमेकर दहा मिनिटं बंद करून. पूड कोरडी टाकली तर तरंगत राहते, आधी थोड्या टाकीच्या पाण्यात कालवून घ्यायची.

काही प्राणी या सगळ्यावरही जगत नाहीत. लाल झालरीचा फ्लेम स्कॅलप सहा महिने ठीक दिसतो आणि मग एक दिवस शिंपला उघडाच राहतो. ती उपासमार पहिल्या दिवसापासून चाललेली असते. डेंड्रोनेफ्थिया, तो गुलाबी कापसासारखा मऊ कोरल, याच्याबद्दल १९९५ मध्ये तांबड्या समुद्रातल्या अभ्यासातून कळलं की तो मुख्यतः फायटोप्लँक्टन खातो, आणि तेही न थांबता वाहत येणारं. घरी त्यासाठी दिवसरात्र डोस देणारा पंप आणि तेवढंच बाहेर काढणारी यंत्रणा लागते. आम्ही तो घेत नाही, तुम्हीही घेऊ नका.

बिघाड जिथे होतात ती जागा बहुधा सन कोरलच्या मागचा दगड असते. तिथे उरलेल्या मायसिस साचतात, मग लालसर चिकट सायनोबॅक्टेरियाचा थर येतो. आठवड्यातून एकदा पिचकारीने दगडामागून फुंकर घालून गाळ उडवावा आणि त्याच वेळी फिल्टर सॉक (गाळायची पिशवी) लावून तो पकडावा. ऐप्टेशिया हे काचेसारखं तपकिरी अॅनिमोन तर आपल्या भरवण्यावरच पोसलं जातं. एका महिन्यात तिघांचे तीस होतात. पेपरमिंट कोळंबी ते खाते, पण तिलाही मायसिस जास्त आवडते. फॉस्फेट ०.१५ च्या वर गेलं म्हणून फॉस्फेट शोषणाऱ्या लोहाच्या दाणेदार माध्यमाचा मोठा डोस लावू नये. दोन दिवसांत ते शून्यावर येतं आणि अॅक्रोपोराचं मांस बुडापासून सोलतं. सांगितलेल्या मात्रेच्या पावपट लावा आणि तीन दिवसांनी मोजा. उलट नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य दिसले तर आनंदून जाऊ नका. अशा पाण्यात डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्मजीवांचा तपकिरी, बुडबुडे धरणारा शेंबूड येतो. तेव्हा उपाय म्हणजे जास्त भरवणं. आम्ही नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मध्ये ठेवतो.

भारतातल्या वाचकांसाठी एक गोष्ट. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या खडकांवरून तुकडा उचलणं हा गुन्हा आहे, मेलेला असला तरी. आमचे कोरल टाकीत वाढवलेल्या कॉलनीचे फ्रॅग, म्हणजे कापून लावलेले तुकडे, आहेत. तुमच्याकडे कुणी विकत देत असेल तर आधी कागदपत्रं मागा. पंखकिडे, फायटो, रोटिफर आणि आर्टेमियाची वरची पद्धत मात्र मासे आणि साध्या प्राण्यांच्या खाऱ्या टाकीलाही तशीच लागू पडते.

राहता राहिला भारतात जायचा तीन आठवड्यांचा प्रश्न. माशांसाठी गोळ्यांच्या सात कप्प्यांच्या डब्यात रोजची पेलेट मोजून भरायची, असे तीन डबे. सन कोरलसाठी शेजाऱ्याला बत्तीस तोंडं शिकवत बसण्यात अर्थ नाही. बर्फाच्या ट्रेमध्ये मायसिसचे अर्धे-अर्धे क्यूब वेगळे करून ठेवायचे, त्यावर तारखा लिहायच्या आणि दर तिसऱ्या रात्री पंप बंद करून ते वितळलेलं पाणी-मायसिस घुमटाच्या तोंडातून ओतायला सांगायचं, बस. पॉलिप उघडले नसतील तर ओतायचं नाही. फ्रीजरच्या दारावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावं: मासे भुकेले दिसले तरी दुसऱ्या दिवसाचा कप्पा उघडू नये. ते नेहमीच भुकेले दिसतात.